तुमचा मोड कुठला, ताई?

आधी कप खाली ठेवा, मग सांगते. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना माझ्या जावेला असा ठसका लागला, की चहा तिच्या नाकातून आला आणि चादर मला धुवावी लागली.

तर मंडळी, दोन देशांच्या व्यापार कराराला वालाचे मोड आणणारी बाई तुम्ही कधी बघितली आहे का? नसेल, तर नीट बघून घ्या. तुमच्यासमोरच बसली आहे, मंदा पाटील, मुक्काम शेलार, ऑफिस धामणकर नाका.

ऑफिस म्हणजे काय, एक खोली, एक टेबल आणि पंखा. खालच्या मजल्यावर कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना आहे. सकाळची शिफ्ट लागली की माझी फरशी थरथरायला लागते आणि टेबलावरचं पेन आपल्या पायांनी चालत कडेला जातं. फोनवर मी ओरडूनच बोलते, त्यामुळे लोकांना वाटतं बाई भांडखोर आहे. आहे मी थोडी, पण निम्मी बदनामी त्या लूमची आहे.

पंधरा वर्षं झाली, मी बायकांच्या सहली काढते. अष्टविनायक, गाणगापूर, कोल्हापूर, एकदा तर थेट रामेश्वर. आमच्या बसला बायका का गर्दी करतात माहीत आहे? देवासाठी करतातच, पण त्याहून जास्त माझ्या हातच्या वालाच्या बिरड्यासाठी. मोड आलेले, सोललेले, नारळाच्या रसातले वाल. रामेश्वरला समुद्राकाठी मी बिरडं वाढलं तेव्हा शेजारच्या बसमधले परके लोक ताटं घेऊन आमच्या रांगेत उभे राहिले होते. आता एवढं झाल्यावर बाई हवेत जाणार की नाही, तुम्हीच सांगा.

वाल येतात दिघाशीहून, चांगुणामावशीच्या शेतातून. भात कापला की त्याच ओलीवर ती वाल पेरते. मावशी सत्तरीला आली, पण माझी एकही सहल तिनं चुकवलेली नाही. तिची एकच इच्छा होती. तिच्या शेतावरून दिवसभर विमानं जातात. ती म्हणायची, "मंदे, जलमभर खालून बघतंय. मना एकदा वर बसून बघायचा हाय, जातात कुठं हे मेले."

आणि गेल्या वर्षी संधी आली. ठाण्याला आम्हा टूरवाल्यांची एक सभा झाली. तिथं कळलं, की आपला आणि मॉरिशसचा व्यापार करार आहे, त्यात नुसता माल नाही, सेवाही येतात, आणि सहली काढणं ही सेवा धरली जाते. म्हणजे माझ्यासारख्या लहान बाईलाही तिकडच्या कंपनीशी रीतसर जोडून तिकडे सेवा देता येते. मी तिथल्या तिथं फॉर्म भरला. "तुमच्या सेवेचं वैशिष्ट्य काय?" असा एक रकाना होता. मी लिहिलं, "घरचं जेवण. विशेषतः वालाचं बिरडं."

पुढच्या सगळ्या सत्यानाशाचं बी इथं पेरलं गेलं, हे लक्षात ठेवा.

शेलार आणि दिघाशीच्या मिळून बावीस बायका तयार झाल्या. बावीस जणींचे पासपोर्ट मी स्वतः त्यांच्याबरोबर रांगेत उभं राहून काढून दिले. माझा होताच, कपाटात, नवा कोरा. चांगुणामावशीनं तिचा पासपोर्ट हातात घेतला, फोटो बघितला, आणि पदरात बांधून टाकला. त्या दिवसापासून भेटली की एकच प्रश्न, "कवा?" मी म्हणायची, "आता लवकरच." पण मनात धाकधूक होती. तिकडच्या कंपनीनं नाही म्हटलं, तर या म्हातारीला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

मग सभेतल्या सामंत साहेबांचा फोन आला. हे सल्लागार. करार, नियम, कागद, सगळं त्यांना तोंडपाठ. वेळ सकाळी अकराची, खाली सगळे लूम जोरात.

"ताई, तिकडच्या कंपनीच्या पांडू मॅडम गुरुवारी तुमच्याकडे येतायत."

"कोण पांडू?"

"आडनाव आहे ते. तिकडची मराठी माणसं आहेत, त्यांची आडनावं तशीच असतात. नीट ऐका. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुमचा मोड कुठला?"

मी खुर्चीतून अर्धी उठले. माझ्या बिरड्याची कीर्ती समुद्रापलीकडे गेली होती. "मोड? साहेब, फॉर्म वाचलेला दिसतोय त्यांनी."

"वाचलाय ना. फॉर्मवरूनच तर मोड ठरतो. मोड ठरल्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही."

"आमचे मोड एकदम चांगले असतात."

"चांगलं वाईट नसतं त्यात. करारात चार मोड आहेत, बस. लिहून घ्या."

आता माझा एक दुर्गुण तुम्हाला सांगते. एखादी गोष्ट कळली नाही, तर विचारायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. मी मान डोलवते आणि पुढचं देवावर सोपवते. मी वही ओढली.

साहेब सांगत होते, "मोड एक, तुम्ही इथंच, फक्त सेवा सीमेपार जाते. मोड दोन, गिऱ्हाईक तिकडे जाऊन तिकडेच उपभोग घेतं, म्हणजे कन्झम्प्शन अब्रॉड. मोड तीन, तुम्ही तिकडे जाऊन दुकान थाटता. मोड चार, माणूस स्वतः घेऊन जातो, तिकडे देतो आणि परत येतो. त्याला नॅचरल पर्सन म्हणतात."

बघा बरं, यात चुकीचं काय होतं? मोड एक, वाल इथून पाकिटात जाणार. मोड दोन, तिकडे गेल्यावर खाणार, कन्झम्प्शन म्हणजे खाणंच की. मोड तीन, तिकडे बिरड्याचं दुकान. मोड चार, माणूस बरोबर घेऊन जाणार, आणि तो माणूस नॅचरल पाहिजे, पावडर-लाली लावलेला नको. खाण्याचा पदार्थ आहे, स्वच्छतेचे नियम असणारच. सगळं माझ्या डोक्यात चपखल बसलं.

"साहेब, मॅडमना कुठला पसंत?"

"टूरमध्ये दोन आणि चार चालतात. पण चारला त्यांच्याकडे बंधनं फार. जास्त दिवस राहिलेले त्यांना खपत नाहीत."

"बरोबर आहे. जास्त दिवस राहिले की वास मारतात."

"काय म्हणालात? आवाज येतोय मागे."

"वास, साहेब, वास."

"हां हां, वास्तव्य. वास्तव्याचाच तर सगळा प्रश्न आहे, ताई. तुम्हाला विषय कळलाय, छान."

बघा, माणसानं मला प्रमाणपत्र दिलं. आता मी कुणाचं ऐकणार?

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. हे आयुष्यभर लूममध्ये होते, त्यामुळे कमी बोलायची सवय. जेवता जेवता हात थांबवून म्हणाले, "करार दोन सरकारांचा हाय का दोन विहिणींचा? त्यात वाल कशाला येतील?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं.

"मना काय न्हाय कळत. पन एकदा त्या सायबाला इचारून बघ."

विचारलं असतं तर आज तुम्हाला हा चहा फुकट मिळाला नसता.

सोमवारी चांगुणामावशी दिघाशीहून वालाचं गाठोडं घेऊन आली. त्याच रात्री भिजत घातले. मंगळवारी ऑफिसच्या खोलीभर दोऱ्या बांधल्या आणि त्यांना ओल्या फडक्यांत बांधलेले वाल टांगले. बुधवारी गल्लीतल्या बायका बोलावून मोड आलेले तेवढे वाल सोलायला बसवल्या. बिरडं सोलणं म्हणजे काय काम असतं हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक, बोटांची साल निघायची वेळ येते. सगळ्या सोलत होत्या, कारण मी सांगितलं होतं, मॉरिशस या मोडांवर अवलंबून आहे.

टेबलावर चार थाळ्या मांडल्या, प्रत्येकीपुढं चिठ्ठी, मोड एक ते मोड चार. पहिलीत हवाबंद पाकिटं. दुसरीत शिजवलेलं बिरडं, खायला तयार. तिसरीत पुठ्ठ्याचं छोटं दुकान, वर पाटी, "मंदाताईंचे बिरडे, मॉरिशस". चौथ्या थाळीत माझी प्रवासाची पर्स, कारण माणूस प्रवासाला पर्स घेऊन जातो. पर्समध्ये ओल्या फडक्यात बांधलेले मूठभर वाल आणि त्यांना चिकटून पासपोर्ट. म्हणजे विमानात बसताना भिजवलेले, उतरताना मोड आलेले.

पासपोर्ट मी मावशीचा मागितला होता. तिनं पदराची गाठ घट्ट धरली. "माजा न्हाय देनार. ओला व्हईल. तुजा ठेव."

"मावशी, काही होत नाही," म्हणत मी माझा ठेवला.

नॅचरल पर्सन म्हणून मावशीलाच थाळीमागं उभं केलं. मी तिला बजावलं, "मॅडमनी विचारलं तर सांगायचं, मी नॅचरल आहे."

ती म्हणाली, "मंग? मी काय लूमवर इनलेली हाय?"

गुरुवारी नाक्यावरच्या गर्दीतून वाट काढत सामंत साहेब आणि पांडू मॅडम जिना चढून आले. मॅडम सडसडीत, चष्मा, हातात फाईल, बोलणं शाळेच्या पुस्तकातलं. "नमस्कार. मी मराठी शाळेत शिकले. माझी चूक झाली तर क्षमा करा."

खोलीभर टांगलेल्या गाठोड्यांकडे त्यांनी एकदा बघितलं, सामंत साहेबांनी दोनदा. साहेबांना वाटलं आमच्याकडे काही देवाचं आहे, म्हणून त्यांनी हळूच चप्पल काढली.

मॅडमनी फाईल उघडली. "तर ताई, आपला मोड कुठला?"

याच क्षणासाठी मी तीन दिवस जागच्या जागी नाचत होते. थाळ्यांवरचं फडकं ओढलं आणि ऐटीत म्हटलं, "चारही, मॅडम!"

आणि सुरू झाले. हा मोड एक, मी इथं, हा सीमेपार. हा मोड दोन, बायका तिकडे येणार आणि तिकडे खाणार. हा मोड तीन, तुमच्याकडे आमचं दुकान. हा मोड चार, जास्त दिवस ठेवत नाही, वासाची काळजी नको, आणि ही आमची नॅचरल पर्सन.

"मी नॅचरल हाय," मावशी म्हणाली.

सामंत साहेबांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. ते माझ्या कानाशी वाकले. आणि नेमके त्याच वेळी खालचे सगळे लूम एकदम बंद पडले. पंधरा वर्षांत भर शिफ्टमध्ये मी तिथं अशी शांतता ऐकली नव्हती. त्या शांततेत साहेबांची कुजबुज मावशीपासून जिन्यात जमलेल्या गल्लीतल्या बायकांपर्यंत सगळ्यांनी ऐकली.

"ताई, मोड म्हणजे पद्धत हो. सेवा पुरवायची पद्धत. इंग्रजीतला मोड. वालाचा नाही."

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं मला. पण ती फरशीही थरथरायची थांबली होती. मी मावशीकडं बघितलं. तिला पद्धत-बिद्धत काही कळलं नव्हतं, पण माझं तोंड बघून तिला एवढं कळलं, की काहीतरी बिघडलं. तिचा हात पदराच्या गाठीवर गेला. खरं सांगते, लाज गेली त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. त्या गाठीवरच्या हाताकडं बघवेना.

तेवढ्यात जिन्यातून खालचे इस्माईलभाई आले, कारखान्याचे मुकादम, खांद्यावर ओला तागा. "दीदी, नल खुला छोड़ा है क्या? ऊपर से पानी टपक रहा है, पूरा कपड़ा भीग गया. मशीन बंद करना पड़ा."

ती माझी गाठोडी. सकाळी पुन्हा ओली केली होती, तेव्हापासून ठिबकत होती. मी तोंड उघडणार, तर पांडू मॅडम चष्मा सावरत अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "हा मोड एक. ताई इथेच, आणि सेवा सीमेपार खाली गेली."

आणि बाई हसायला लागली. अशी हसली, की फाईल खाली पडली. सामंत साहेब हसले, मावशी हसली, इस्माईलभाई काही न कळता हसले. मी सोडून सगळे हसले.

डोळे पुसून मॅडम म्हणाल्या, "मी पुष्कळ कार्यालयांत जाऊन आले. मोड तीन आणि मोड चार यांतला फरक कुणीही नीट सांगितला नव्हता. तुमचे चारही बरोबर आहेत. फक्त त्यांना वाल लागले आहेत." मग त्यांनी दुसरी थाळी ओढली, बिरडं खाल्लं, आणखी मागून घेतलं, आणि मावशीला विचारलं, "आजी, तुम्ही येणार ना?"

मावशीनं गाठ सोडून पासपोर्ट त्यांच्या पुढ्यात ठेवला. "मी तयार हाय. हीच येळ लावतंय."

झालं, काम ठरलं. बावीस बायका मोड दोनमध्ये, फिरायला. गटाची प्रमुख म्हणून मी मोड चारमध्ये, नॅचरल पर्सन. त्या आनंदात मी अख्ख्या गल्लीला बिरडं वाटलं, इस्माईलभाईंना डबा भरून दिला, थाळ्या आवरल्या, दोऱ्या सोडल्या आणि पर्स घरी नेऊन दारामागं खुंटीला अडकवली.

कळलं का काही तुम्हाला? मला नव्हतं कळलं.

तिकिटं निघाली, विमानाला आठ दिवस उरले, आणि सामंत साहेबांचा फोन आला, "ताई, प्रमुखाच्या पासपोर्टाची प्रत पाठवा." मी कपाट शोधलं, पेटी शोधली, ह्यांच्या नावानं शंख केला. हे शांतपणे म्हणाले, "पर्शीत ठेवलावतास ना?"

पर्स उघडली तर आतून असा भपकारा आला, की हे जेवणाच्या ताटावरून उठले. पासपोर्ट फुगून दुप्पट झाला होता. माझा फोटो वाहून गेला होता. आणि शिक्के मारायच्या पानांमधून एक पांढरा, लांबसडक, तजेलदार मोड वर आला होता. एवढा सुंदर मोड मला उभ्या जन्मात कधी आणता आला नव्हता.

ह्यांनी तो बघितला. पुष्कळ वेळ बघितला. म्हणाले, "सोलायचा का?"

नवा पासपोर्ट आठ दिवसांत मिळेना. मॅडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "ताई, काळजी नको. ती दुसरी, खरी नॅचरल, तिला प्रमुख करा."

विमानाच्या दिवशी बावीस जणींना सोडायला मी गेले. चांगुणामावशी सगळ्यांच्या पुढं, हातात माझ्या सहलीचा झेंडा, गळ्यात प्रमुखाचं कार्ड. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं तिच्यासाठी, बरंचसं माझ्यासाठी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिचा निरोप आला, लूमच्या आवाजात कानाला फोन चिकटवून ऐकला. "मंदे, वरून दिघाशी काय दिसली न्हाय. ढग व्हते. पन हे मेले कुठं जातात ता कळला. आता सांग, इथं नारल कुठं भेटंल?" मग आठवडाभर मी धामणकर नाक्यावर बसून मॉरिशसला बिरडं कसं करायचं ते फोनवरून ओरडून सांगत होते. म्हणजे मोड एक. सेवा सीमेपार, बाई जागेवर.

त्या बायका परत आल्यावर गेले मी पासपोर्टच्या ऑफिसात. खिडकीतल्या बाईंनी माझ्या पासपोर्टची पिशवी उघडली, नाकाला रुमाल लावला, आणि फॉर्मवर पेन टेकवून विचारलं, "खराब होण्याचं कारण?"

पंधरा वर्षांचा अनुभव आहे माझा. पण दुसरं काही सुचेना. म्हटलं, "मोड."

"मोड? कुठला मोड?"

आता या प्रश्नाचं उत्तर मला झोपेतून उठवलं तरी येतं. म्हटलं, "चौथा, मॅडम."